फायबरच्या पोटातलं लाकूड

फायबर कुजत नाही, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. आप्पांनी नाव आणली तेव्हा विकणाऱ्याने सांगितलेलं ते वाक्य आम्ही पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना ऐकवत राहिलो. वाक्य खोटं नव्हतं. काचेच्या तंतूंची मॅट आणि तिला घट्ट धरणारं चिकट रेझिन यांना बुरशी लागत नाही, वाळवी तर ढुंकूनही बघत नाही. पण फायबरची नाव नुसत्या फायबरची नसते. वरची साल बोटभरसुद्धा जाड नसते. ती ताठ राहावी म्हणून आत लाकूड घालतात. तळाशी लांबीने जाणारे दांडे, त्यांच्यावर आडव्या फळ्या, बसायचे बाक, आणि सगळ्यात मागे मशीन, म्हणजे नावेचं इंजिन, अडकवायची उभी जाड फळी. तिला कारागीर ट्रान्सम म्हणतात. या सगळ्यावर फायबर चढवलेलं असतं, त्यामुळे लाकूड कुठेच दिसत नाही. आमच्या नावेत ते अनेक वर्षं आतल्या आत कुजत होतं आणि वरून निळा रंग दरवर्षी नवा होत होता.

आमचं गाव तापीच्या दक्षिण काठाला, शिंदखेडा तालुक्यात. समोरचा काठ शिरपूर तालुक्याचा, आणि आमची अर्धी शेती त्या काठावर. रस्त्याने जायचं तर सावळद्याच्या पुलावरून मोठा वळसा. नावेने जायचं तर समोर दिसतंय तेच शेत. बाहेरच्या माणसाला खानदेश म्हटलं की ऊन, कापूस, केळी आणि वांग्याचं भरीत आठवतं. नाव म्हटली की तो कोकणाकडे बघतो. मुलताईला उगम पावून सुरतेपाशी समुद्राला मिळणारी ७२४ किलोमीटरची नदी आमच्या अंगणातून जाते, तिच्या काठाने भोई आणि कोळी समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या नावा हाकत आली, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. पाण्यावरची आमची माणसं शहाणी आहेत आणि त्या शहाणपणाची नोंद कुठे होत नाही.

पूर्वी उन्हाळ्यात तापी आटायची. वाळूत टरबूज-खरबुजाच्या वाड्या लागायच्या आणि लोक गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचे. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज, म्हणजे दरवाजांचे बंधारे, झाले आणि पाणी बारा महिने तुंबून राहू लागलं. वाड्या गेल्या, पायवाट गेली, आणि ज्याच्या घरी नाव त्याचं महत्त्व वाढलं. आप्पांची नाव त्याच्या आधीची. सुरतेकडून जुनी घेतलेली, सोळा फुटी, नवापूरच्या घाटातून ट्रकवर चढवून आणलेली. खताच्या गोण्या, मजूर, कापसाचे गठ्ठे, एकदा पाय मोडलेली वासरी, सगळं तिने नेलं. श्रावणात कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या विसर्जनाला गल्लीतल्या बायका हक्काने म्हणायच्या, ‘आप्पा, नाव काढा.’ वर हतनूर धरणाचे एक्केचाळीस दरवाजे उघडल्याचा निरोप आला की रात्री-बेरात्री सगळे धावत जाऊन ती काठावर ओढून घ्यायचे.

ओढताना ती जड झालीय, हे आधी जिभाऊंच्या लक्षात आलं. जिभाऊ म्हणजे माझे थोरले काका. चार माणसांत हलणारी नाव आता सहा जणांना दाद देत नव्हती. मग मशीन सुरू केली की मागची बाजू किंचित मागे झुकते, हे दिसायला लागलं. मशीनच्या बोल्टांभोवती रंगात बारीक चिरा पडल्या होत्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. रंगाच्या दुकानात विचारलं तर पुट्टी भरून वरून हात मारा म्हणाले. जिभाऊंनी लाकडी हातोडी आणली आणि माझ्या हातात दिली. ‘ठोकी पाह्य, काय आवाज येस.’

मी कडेपासून ठोकत आलो. बाजूंना टणटणीत आवाज, आणि बोल्टांच्या जवळ आलो की एकदम भद्द. बाजूला सरकलो की टण, मध्ये आलो की भद्द. खडूने रेघ ओढत गेलो. मागच्या फळीचा वरचा डावा कोपरा सोडला तर जवळजवळ सगळी फळी रेघेच्या आत आली. मग आतल्या बाजूने बारीक ड्रिल मारलं. चांगल्या लाकडातून पांढुरका कोरडा भुसा येतो. इथे ड्रिलच्या पात्याला चहाच्या चोथ्यासारखा काळा ओला लगदा चिकटून आला, आणि भोकातून पाणी पाझरू लागलं. पाऊस जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

लाकूड पाण्याने कुजतं असं आपण म्हणतो, पण पाणी हे निम्मं कारण. कुजवते ती बुरशी, आणि तिला पाण्याबरोबर हवा आणि ऊबही लागते. लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीचं काही चालत नाही. ती तीसच्या आसपास गेली की बुरशी लाकूड खायला लागते. कायम पाण्याखाली बुडालेला खांब टिकतो, कारण तिथे हवा नसते. नेहमी कोरडी असलेली तुळई टिकते, कारण तिथे ओल नसते. मरतं ते मधलं लाकूड, धड ओलं नाही, धड कोरडं नाही असं. फायबरच्या आत कोंडलेली फळी नेमकी तशी. बोल्टच्या भोकातून, पाणी काढायच्या बुचाजवळून, फळीच्या वरच्या उघड्या कडेतून थेंब थेंब आत जातो आणि बाहेर पडायला वाट मिळत नाही. आपण वरून रंग मारतो तेव्हा उरलीसुरली वाटही बुजते.

आणखी एक गोष्ट आमच्या मुळावर आली. समुद्राचं खारं पाणी बुरशीला मानवत नाही. जुन्या लाकडी जहाजांच्या फासळ्यांमध्ये मीठ भरून ठेवायची रीतच होती. तापीचं पाणी गोड, पावसाचं त्याहून गोड. दर्यावर जी नाव तीस वर्षं निभावेल तिचं लाकूड नदीत लवकर जातं, आणि पावसाळ्यात उघड्यावर उलथी न घालता ठेवली तर त्याहूनही लवकर.

गावात दोन मतं पडली. एक मत, नवी घ्या. दुसरं, आहे तशी रंगवा आणि छोट्या कामाला वापरा. दुसरं मत मला मुळीच मान्य नव्हतं. मागची फळी मशीनचं वजन पेलते, आणि वजनापेक्षा तिचा रेटा पेलते. ती भर पाण्यात तुटली तर मशीन तळाशी जाते आणि नावेचं मागचं तोंड उघडं पडतं. आमच्याकडे निदान पुलाचा वळसा तरी आहे. नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठी असे पाडे आहेत की दवाखाना गाठायचा तरी नाव, बाजार गाठायचा तरी नाव, आणि दवाखानाच बोटीवर बसून लोकांकडे येतो. तिथे ठोकून न पाहिलेल्या फळीवर लेकराबाळांचा जीव टांगलेला असतो. नावेला वरवरचा रंग देणं याला मी काटकसर म्हणत नाही.

नवी घ्यायची तर जुनीचं काय करायचं, याचंही उत्तर कोणाकडे नव्हतं. लोखंड भंगारात जातं, लाकूड चुलीत जातं. फायबरचं रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही, त्यामुळे भंगारवाला हात लावत नाही. जाळलं तर विषारी धूर. तापीच्या काठाला अशी सांगाडे झालेली फायबरं पडलेली आहेत. जे कुजत नाही त्याला टाकून देणं सोपं नसतं. आणि आमची साल तर धडधाकट होती.

आप्पा खाटेवर बसून सगळं ऐकत होते. गुडघ्यांमुळे आता त्यांना नदीवर जाणं होत नाही. ते एवढंच म्हणाले, ‘उघाडी पाह्य ना मंग.’

चैत्रात खळ्यातल्या निंबाखाली नाव ठोकळ्यांवर चढवली आणि उघडली. बाहेरची साल तशीच ठेवायची, कारण नव्या फळीला आकार तीच देते. आतून ग्राइंडरने कापायचं, कडेला दोन-तीन बोटं पट्टी राखून, म्हणजे पुढे नवं फायबर त्या पट्टीवर चढवता येतं. काचेची धूळ वाईट. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मास्क, चष्मा लावूनही संध्याकाळी अंग चावायचं. आधी गार पाण्याने धुवायचं आणि मग साबण लावायचा, हे पहिल्याच दिवशी समजलं, कारण गरम पाण्याने कातडी सैल होते आणि तुसं आत रुततात.

आतली साल निघाली आणि फळी हाताने उपसता आली. पटाशी लागलीच नाही. प्लायवुडचे थर सुटून एकमेकांवर पडले होते, मध्ये काळा चिखल, त्यात गंजलेले स्क्रू. पावसात भिजलेला कडबा फेब्रुवारीत खाली उपसला की येतो तसला वास. हात आत घालून मी मूठमूठ बाहेर काढत होतो आणि जिभाऊ टोपलीत भरत होते. तेवढ्यात डाव्या वरच्या कोपऱ्याशी आलो. तिथे पटाशी मारली तर ती उसळून आली. तो वीतभर तुकडा पिवळा, कोरडा, नवाकोरा होता, थरन्‌थर मोजता येत होते. त्या कोपऱ्यात कधी एकही बोल्ट मारलेला नव्हता. बाकी फळीत आधीच्या मशीनची भोकं होती, नंतरच्या मोठ्या मशीनची होती, दोर बांधायच्या कड्यांची होती. जिथे भोक तिथून सुरुवात झालेली आणि तिथून गोल पसरत गेलेली. एका फळीवर कारण आणि परिणाम इतके स्वच्छ लिहिलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. तो तुकडा आप्पांना नेऊन दाखवला. त्यांनी बराच वेळ हातात धरला आणि मग स्वतःहून कुठलं भोक कुठल्या साली पाडलं ते सांगायला लागले.

तळाचे दांडेही गेलेले. मागच्या बाकाखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम होता, तो कापला तर बादलीभर पाणी निघालं. नाव जड का झाली होती ते कळलं.

मग काही करायचं नव्हतं, फक्त वाळू द्यायचं. आणि इथे खानदेशासारखी जागा नाही. चैत्र-वैशाखात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, वारा कोरडा, हवेत ओल नावाला नाही. किनाऱ्यावर दमट हवेत नाव वाळवायला हीटर लावतात असं ऐकलं होतं. आम्ही ती आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, उन्हात उघडी ठेवली. आखाजीला झाडाला झोके बांधले, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या आणि शेजारी नाव पोट उघडं टाकून तापत होती. वाळली की नाही ते बघायची साधी युक्ती आहे. रात्री प्लॅस्टिकचा तुकडा आतल्या बाजूने चारी कडांनी चिकटवायचा आणि सकाळी बघायचं, खाली दव धरलंय का. दव धरायचं थांबलं तेव्हा पुढचं काम काढलं.

लाकडासाठी गावचे मिस्तरी आले. यांनी आयुष्यभर बैलगाड्या केल्या, बाभळीच्या चाकांचा यांच्याइतका जाणकार पंचक्रोशीत नाही. ते म्हणाले, सातपुड्याचा साग घाला, तुमच्या नातवाला फळी बदलावी लागणार नाही. साग पाण्याला टिकतो हे खरंच. पण त्याला टिकवतं ते त्याच्या अंगातलं तेल, आणि त्या तेलामुळेच रेझिन त्याला धड धरत नाही. उघड्या लाकडी नावेला साग उत्तम. फायबरमध्ये मढवायच्या फळीला नाही. मिस्तरींना हे पटायला वेळ लागला. मी एका सागाच्या ढलपीवर आणि एका प्लायच्या तुकड्यावर फायबरची पट्टी चढवून दिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोन्ही उचकटून पाहिल्या. सागावरची अख्खी निघाली. प्लायवरची निघताना लाकडाचे तंतू घेऊन आली. ‘ठीक शे,’ म्हणाले आणि करवत उचलली.

मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लायवुड, मात्र पारखूनच घ्यावा. त्याचा भारतीय मानक आयएस ७१०. त्यातला डिंक बहात्तर तास उकळत्या पाण्यात टिकायला हवा. शिक्का सगळ्यांवरच असतो. आम्ही दोन दुकानांतून दोन तुकडे आणले आणि अंघोळीच्या बंबात टाकले. एकाचे थर संध्याकाळपर्यंत पानांसारखे सुटले, दुसरा दोन-तीन दिवस धग खाऊनही एकसंध राहिला. तोच घेतला. १९ मिलिमीटरचे दोन तुकडे एकावर एक चिकटवले, म्हणजे मशीनच्या पकडीला लागते तेवढी दीड इंची फळी झाली. मापासाठी केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून आधी साचा केला.

तळाच्या दांड्यांसाठी आम्ही लाकूड वापरलंच नाही, आणि या निर्णयाचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे. ही कल्पना फायबरच्या कारागिराची. तो जळगावच्या एमआयडीसीत कूलरचे साचे आणि देवांच्या मूर्ती करतो, नाव त्याने कधी केली नव्हती. पण फायबरची नस त्याला ठाऊक. तो म्हणाला, दांड्यात जोर लाकडाचा नसतो, त्यावरून कमान घेऊन गेलेल्या फायबरचा असतो. लाकूड फक्त आकार देतं. मग आकार देणारं काहीतरी न कुजणारं घ्या. थर्माकोल चालत नाही, रेझिन त्याला विरघळवतं. आमच्या गोठ्यामागे ठिबकच्या कामातून उरलेले पीव्हीसी पाइप पडले होते, जळगावच्याच कारखान्यातले. ते उभे चिरले, अर्धगोल तळावर पालथे बसवले, आणि त्यांच्यावरून मॅटचे थर चढवले. आता तिथे बुरशीने खावं असं काहीच नाही.

ज्या उन्हाने नाव वाळवली तेच उन्ह रेझिनच्या कामात वैरी झालं. रेझिनमध्ये आधी घट्ट होण्याला वेग देणारं कोबाल्ट मिसळतात आणि लावायच्या वेळी ते घट्ट करणारं हार्डनर. ही दोन एकमेकांत थेट कधी ओतायची नाहीत, भडका उडू शकतो. कारागिराने दोन्ही बाटल्या नावेच्या दोन टोकांना ठेवल्या होत्या आणि पोरांना जवळ फिरकू दिलं नाही. हार्डनर एक-दोन टक्के घालतात. आमच्या उन्हाळ्यात एक टक्कासुद्धा जास्त होतो. दुपारी मगमध्ये उरलेलं रेझिन बघता बघता जेलीसारखं झालं, मग तडकलं, आणि त्यातून धूर निघाला. म्हणून सगळं काम पहाटेचं. झुंजूमुंजू झालं की रेझिन कालवायचं, थोडं थोडं, एका ब्रशला पुरेल एवढंच. मॅट अंथरायची, रेझिन पाजायचं, लोखंडी रोलरने बुडबुडे काढायचे. मॅट पांढरी दिसते तोवर तहानलेली. पारदर्शक झाली की पुरे. ऊन अंगणात उतरायच्या आत भांडी धुऊन मोकळे.

त्याच्या कामातल्या दोन गोष्टी मी मुद्दाम बघून ठेवल्या. जुनी साल खरखरीत होईपर्यंत घासल्याशिवाय तो नवा थर चढवायचा नाही, कारण जुन्या फायबरला नवं फायबर रसायनाने जुळत नाही, ते नुसतं खरखरीत अंगाला धरून राहतं. आणि फळी जिथे तळाला मिळते त्या काटकोनात त्याने आधी घट्ट रेझिनची गोलाई भरली. काचेचे तंतू तीक्ष्ण कोपऱ्यात वळत नाहीत, तिथे खाली पोकळी राहते आणि पुढे पाणी तीच पोकळी शोधतं.

शेवटी बोल्ट. सगळं दुखणं तिथूनच सुरू झालेलं. जिथे बोल्ट जायचा तिथे आधी दुपटीने मोठं भोक पाडलं, ते घट्ट कालवलेल्या रेझिनने भरलं, वाळू दिलं, आणि त्या रेझिनच्या मधोमध बोल्टाचं भोक पाडलं. आता बोल्टाला लाकूड दिसत नाही आणि लाकडाला पाणी दिसत नाही. या कामाला एक अख्खी सकाळ जास्त लागली. मूळ नाव बांधणाऱ्याने ही सकाळ वाचवली होती.

मिरगाच्या आधी नाव पाण्यात गेली. चार माणसांनी उचलली. आप्पांना खुर्चीसकट काठावर आणलं होतं, त्यांनी आत बसायचा हट्ट धरला आणि बसले. जिभाऊंनी मशीन ओढली. मी पूर्ण वेळ मागच्या फळीकडे बघत होतो. पूर्ण रेट्यात ती तसूभर हलली नाही. आप्पांनी पलीकडच्या शेतातला नवा बोअर बघितला, जो ते अनेक महिन्यांत बघू शकले नव्हते, आणि बोअर चुकीच्या जागी घेतला म्हणून आम्हा सगळ्यांना परतीच्या वाटेवर बोलत आले.

आता पावसाळाभर ती वापरात नसताना उलथी असते, बूच काढून. मोठी मशीन आम्ही विकली, फळीला झेपेल तेवढीच ठेवली. बाकाखालचा फोम अजून भरायचा आहे. पाणी पिणार नाही असा बघतोय.

गेल्या आठवड्यात वरच्या गल्लीतला भोई समाजातला माझा वर्गमित्र मला त्याची नाव दाखवायला घेऊन गेला. त्याचं घर कटला-रोहूच्या जाळ्यावर चालतं. मी ठोकलं. बोल्टांपाशी भद्द. त्याला लगेच उघडायची होती, मी थांबवलं. भर श्रावणात उघडली तर वाळणार नाही, आणि ओल्यावर फायबर चढवलं तर आजच्यापेक्षा वाईट. तोवर लहान मशीन लाव, मागे दोन माणसं बसवू नको, भोकांना वरून तात्पुरतं बंद कर. चैत्र लागला की आमच्या निंबाखाली आण, ठोकळे आहेत, ग्राइंडर आहे. पाइपचे तुकडेही उरलेत, त्याच्या नावेला पुरतील.